रॉस्टॉक ते बर्लिन : एका पाळकाच्या वाटेवरचे पाच दिवस

पहिला दिवस : रॉस्टॉक

बर्लिनहून पहाटेची गाडी पकडण्याचे कारण एकच होते. रॉस्टॉकच्या मारीयनकिर्ख या चर्चमध्ये दुपारी बाराच्या ठोक्याला हजर राहायचे होते. तिथल्या वेदीच्या मागे हान्स ड्युरिंगर या कारागिराने १४७२ साली बांधलेले सुमारे ११ मीटर उंचीचे खगोलीय घड्याळ आहे आणि त्याची मूळ यंत्रणा आजही चालते. बारा वाजले की वरच्या बाजूचे दार उघडते आणि लाकडी शिष्य एकामागून एक येशूसमोरून आशीर्वाद घेत पलीकडच्या दारात शिरतात. सर्वांत शेवटी येशूला दगा देणारा यहुदा येतो आणि त्याच्या तोंडावर ते दार बंद होते. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलांना हा भाग ठाऊक असावा, कारण दार मिटण्याच्या आधीच त्यांची खसखस सुरू झाली होती.

या चर्चमध्ये मी घड्याळासाठी आले नव्हते. जर्मनीचे अकरावे राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक हे मूळचे याच शहरातले. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती ज्याला पाळक म्हणतात, तसे ते पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत प्रोटेस्टंट पंथाचे पाळक होते. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकत असताना २०१२ साली त्यांच्या निवडीची बातमी वर्गात वाचली होती. पाद्री आणि राष्ट्राध्यक्ष हे दोन शब्द एका वाक्यात पाहून तेव्हा नवल वाटले होते. ते नवल इतकी वर्षे मनात राहिले आणि अखेर या ऑक्टोबरात त्यांच्या आयुष्यातली ठिकाणे क्रमाने पाहावीत म्हणून पाच दिवस काढले.

मारीयनकिर्ख तांबड्या विटांचे, बाहेरून बोजड आणि आतून पांढरेशुभ्र आहे. एप्रिल १९४२ च्या हवाई हल्ल्यांत शहराचा मोठा भाग जळाला, तेव्हा मनोऱ्याचा राखणदार फ्रीडरिश बोम्बोव्स्की आणि त्याची मुलगी यांनी वर पडलेल्या आगी विझवल्या, म्हणून ही वास्तू उभी राहिली. १९८९ च्या शरद ऋतूत हीच जागा लोकांनी खच्चून भरू लागली. सत्ताधारी साम्यवादी पक्षाच्या ताब्यात नसलेली सभागृहे पूर्व जर्मनीत जवळजवळ नव्हती आणि ज्या चार भिंतींच्या आत पक्षाची परवानगी न घेता बोलता येत असे, त्या बहुतेक चर्चच्या होत्या. त्यामुळे ज्यांचा देवाशी फारसा संबंध नव्हता, तेही गुरुवारच्या उपासनेला येऊन बसत. १९ ऑक्टोबरला उपासना संपल्यावर लोक इथून मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. गाउक तेव्हा ४९ वर्षांचे होते आणि ‘नॉयेस फोरुम’ या नागरिकांच्या मंचाचे रॉस्टॉकमधील प्रवक्ते म्हणून लोकांसमोर आले.

इथे एक गोष्ट आताच सांगून टाकते, कारण ती पुढे सगळीकडे सोबत राहणार आहे. गाउक हे विरोधकांच्या अगदी पहिल्या फळीतले नव्हते. त्यांच्याआधी अनेकांनी तुरुंग पाहिला होता, काहींना देश सोडावा लागला होता, आणि अशा काही मंडळींनी पुढे गाउक यांना मिळालेल्या मानाबद्दल नाराजीही बोलून दाखवली. ही नाराजी मला अस्थानी वाटत नाही. तरीही त्यांच्या आयुष्यात एक धागा असा आहे, जो इतर कोणाच्या कहाणीत इतका सलग दिसत नाही, आणि त्याचे टोक वुस्ट्रो या गावात आहे.

दुसरा दिवस : वुस्ट्रो

रॉस्टॉकहून आगगाडीने रिबनित्स-डामगार्टेनपर्यंत अर्ध्या तासात पोहोचले आणि तिथे माझ्याच वेंधळेपणाने बस चुकली. फलाटावरच्या दुकानात कॉफी घेण्याचा मोह नडला. ऑक्टोबरात पर्यटकांचा हंगाम ओसरलेला असतो, त्यामुळे पुढच्या बसची वाट पाहत वाऱ्यात कुडकुडत बसणे आले.

वुस्ट्रो हे फिशलांड नावाच्या अरुंद पट्टीवरचे गाव आहे. एका अंगाला बाल्टिक समुद्र आणि दुसऱ्या अंगाला बोडन, म्हणजे आपल्या कोकणातल्या खाडीसारखे संथ, उथळ पाणी. चर्चच्या मनोऱ्यावर चढले की मान वळवून दोन्ही पाणी पाहता येतात. खाली वेताच्या जाड छपरांची बुटकी घरे आहेत आणि त्यांची दारे निळ्या-हिरव्या रंगांत कोरलेली आहेत. हे जहाजांच्या कप्तानांचे गाव. इथे १८४६ पासून नौकानयनाची शाळा होती. गाउक यांचे वडीलही दर्यावर्दी, युद्धकाळात नौदलात आणि नंतर रॉस्टॉकच्या गोदीत नोकरीला. त्यांचेही नाव योआखिमच. मुलाचा जन्म २४ जानेवारी १९४० रोजी रॉस्टॉकला झाला, पण बालपणाची पहिली वर्षे या गावात गेली.

२७ जून १९५१ रोजी वडील आजीच्या वाढदिवसासाठी वुस्ट्रोला आले होते. गोदीत अपघात झाला आहे, तातडीने चला, असे सांगून दोन माणसे त्यांना घेऊन गेली. त्यानंतर जवळजवळ सव्वादोन वर्षे ते जिवंत आहेत की नाहीत, हे घरात कोणालाही कळले नाही. आई आणि आजी यांनी सरकारदरबारी अर्ज केले, पण उत्तर आले नाही. सोव्हिएत लष्करी न्यायासनाने त्यांना दोनदा २५ वर्षांची शिक्षा ठोठावली होती आणि सैबेरियातील श्रमछावणीत धाडले होते, हे नंतर उघड झाले. पहिली २५ वर्षे हेरगिरीसाठी होती आणि तिला आधार पश्चिमेला पळून गेलेल्या एका जुन्या वरिष्ठाकडून आलेल्या पत्राचा होता. दुसरी २५ वर्षे सोव्हिएतविरोधी प्रचारासाठी, कारण घरात नौकानयनावरचे एक पश्चिम जर्मन नियतकालिक सापडले होते. एक पत्र आणि एक मासिक यांच्या वजनाने माणूस अर्धशतकासाठी गाडला गेला.

वडिलांना नेले तेव्हा मुलगा ११ वर्षांचा होता. या राजवटीशी आपण सलगी करायची नाही, हा आईचा दंडक घरात त्या दिवसापासून लागू झाला. मुले पायोनियर या राजवटीच्या बालसंघटनेत गेली नाहीत. शाळेत शिक्षकांना उलट उत्तरे देणारा मुलगा म्हणून योआखिम ओळखला जाऊ लागला. सप्टेंबर १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर मॉस्कोला गेले आणि उरलेल्या जर्मन कैद्यांच्या सुटकेचे आश्वासन घेऊन परतले. त्याच लाटेत ऑक्टोबरमध्ये वडील घरी आले. दात पडलेले, हाडकुळे.

गावातल्या ज्या गल्लीत आजीचे घर असावे असे मला वाटत होते, तिथे भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या होत्या आणि एका कुंपणावर वाळत घातलेले पोहण्याचे कपडे होते. मी कोणाला काही विचारले नाही. बोडनच्या धक्क्यावर तपकिरी शिडाच्या, पूर्वी मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या सपाट तळाच्या होड्या डुलत होत्या. तिथे बसून डबा खाल्ला. मुंबईहून निघताना आईने बांधून दिलेल्या मेथीच्या ठेपल्यांतला तो शेवटचा होता.

तिसरा दिवस : एफर्सहागेन, लिख्टनहागेन, वार्नेम्युंडे

रॉस्टॉकहून समुद्राकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीत बसले की जुने शहर काही मिनिटांत मागे पडते आणि दोन्ही बाजूंना एकाच साच्यातून काढल्यासारख्या इमारती सुरू होतात. कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या पाट्या आणून जागेवर जोडलेली ही घरे. सिडकोच्या जुन्या वसाहतींत राहिलेल्या माणसाला इथे परके वाटणार नाही. हल्ली भिंतींवर पिवळे, केशरी रंग चढले आहेत आणि बाहेरून उष्णतारोधक थर लागले आहेत, पण जिन्यांची रचना, सामायिक अंगणे आणि खिडक्यांच्या रांगा जुन्याच आहेत.

गाउक यांना जर्मन साहित्य शिकायचे होते, पण अशा घरातल्या मुलाला ती जागा मिळणे शक्य नव्हते. ईश्वरविद्या हा त्यातल्या त्यात मोकळा विषय होता, म्हणून १९५८ साली त्यांनी रॉस्टॉक विद्यापीठात तो घेतला. म्हणजे देवाच्या ओढीपेक्षा बंद दारांनी त्यांना चर्चकडे आणून सोडले, असे म्हणावे लागेल. हे त्यांनी स्वतःही लपवलेले नाही. १९७१ साली ते एफर्सहागेनमध्ये पाळक झाले. वसाहत नुकतीच उभी राहत होती आणि तिच्या आराखड्यात दुकाने, शाळा, दवाखाना असे सगळे असूनही चर्चला जागा नव्हती. समाजवादी माणसाला ते लागणार नाही, हे नियोजनात गृहीतच धरलेले होते. मग पाळकाने काय करायचे? त्याने जिने चढायचे. गाउक दारोदार जाऊन घंटी वाजवीत आणि इथे कोणी ख्रिस्ती आहे का, असे विचारीत.

मी एका इमारतीच्या दारापाशी थांबून घंट्यांची पाटी पाहिली. नावांच्या चिठ्ठ्या तीन उभ्या ओळींत लावलेल्या होत्या, काहींची शाई उन्हाने उडालेली. दहा-बारा दारे ठोठावली की त्यातले एखादे उघडणार, आणि उघडणाऱ्याला शेजाऱ्याच्या दाराकडे एक नजर टाकूनच आत घ्यावे लागणार. अशा भेटींतून मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, उभी करायची म्हणजे ऐकून घेण्याचे काम आले. लोक सांगत तरी काय असतील? मुलाला दृढीकरणाच्या, म्हणजे किशोरवयात श्रद्धेची जाहीर कबुली देण्याच्या विधीच्या, वर्गाला पाठवले तर त्याची पुढची शाळा बंद होईल का, हा प्रश्न त्या काळात घरोघरी होता. राज्याने दृढीकरणाला पर्याय म्हणून ‘युगेंडवाइहे’ नावाचा तरुणाईचा समारंभ काढला होता आणि त्याला न जाणाऱ्या मुलाची नोंद होत असे. गाउक यांच्या स्वतःच्या घरातही हे घडले. त्यांच्या दोन मुलांनी देश सोडण्यासाठी अर्ज केले, कित्येक वर्षे वाट पाहिली आणि १९८७ च्या अखेरीस ते पश्चिमेला गेले. वडील मागे राहिले, कारण आपल्या मंडळीला तुम्ही राहा असे सांगणाऱ्याने स्वतः निघून जाणे त्यांना पटत नव्हते. बर्लिनची भिंत आणखी दोन वर्षांच्या आत पडेल, हे निरोपाच्या वेळी फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही तेव्हा ठाऊक नव्हते.

या काळात श्टाझी, म्हणजे राज्य सुरक्षा मंत्रालयाची गुप्त पोलीस यंत्रणा, त्यांच्यावर पाळत ठेवून होती. त्यांच्या फायलीला ‘लार्वे’, म्हणजे अळी, असे सांकेतिक नाव होते.

दोन स्थानके पुढे लिख्टनहागेन आहे. तिथे उतरायचे की नाही यावर मी थोडी घुटमळले, पण उतरले. भिंतीवर सूर्यफुलांची मोठी चित्रे असलेली ती इमारत अजून तशीच आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये जमावाने इथल्या निर्वासितांच्या केंद्रावर आणि व्हिएतनामी कामगारांच्या वसतिगृहावर कित्येक दिवस हल्ले केले, आग लावली आणि हजारो बघे टाळ्या वाजवीत उभे राहिले. आत अडकलेले शंभराहून अधिक व्हिएतनामी छपरावरून निसटून वाचले. तीन वर्षांपूर्वी याच शहरात हातात मेणबत्त्या होत्या, हे आठवून पोटात कालवले. २०१२ साली, या घटनेला २० वर्षे झाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष म्हणून गाउक इथे येऊन बोलले. आपल्याच गावकऱ्यांसमोर हे बोलणे सोपे नसावे.

वार्नेम्युंडेला दीपगृह, बोटी, माशाच्या पावांच्या गाड्या. अर्धा तास वाळूत चालले आणि परतले.

चौथा दिवस : ल्युसो आणि ग्यूस्ट्रो

ल्युसो हे ग्यूस्ट्रोजवळचे एक छोटे खेडे, गाउक यांची पहिली नेमणूक इथली. चर्च कुलूपबंद होते, आवारात सफरचंदे पडून सडत होती, एक मांजर भिंतीवर होती. एवढेच.

ग्यूस्ट्रोमध्ये मात्र अख्खी दुपार गेली. तिथल्या कॅथीड्रलमध्ये शिल्पकार अर्न्स्ट बार्लाख यांचा अधांतरी तरंगणारा देवदूत आहे. ब्राँझचा, डोळे मिटलेला, जमिनीला समांतर लोंबकळणारा. १९२७ चे मूळ शिल्प नाझींनी १९३७ साली उतरवले आणि पुढे युद्धसामग्रीसाठी वितळवले. मित्रांनी साचा वाचवून गुपचूप दुसरे ओतून घेतले होते, ते आज कोलोनच्या एका चर्चमध्ये आहे, आणि त्यावरून तिसरे घडवून १९५३ साली ग्यूस्ट्रोला आणले गेले. देवदूताखाली उभे राहिल्यावर मान आपोआप वर जाते आणि मग बराच वेळ खाली येत नाही.

डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट आणि पूर्वेचे सर्वोच्च नेते एरिश होनेकर या देवदूतासमोर एकत्र आले होते. त्या दिवशी गावातल्या लोकांना घराबाहेर पडू दिले नव्हते आणि नाताळच्या बाजारात दिसणारे आनंदी नागरिक हे बहुतेक श्टाझीचे लोक होते. हा प्रसंग इथे सांगण्याचे कारण असे की, १९८८ साली गाउक यांनी रॉस्टॉकमध्ये चर्चचा मोठा मेळावा भरवला तेव्हा त्याच श्मिट यांना आमंत्रण देऊन मारीयनकिर्खमध्ये बोलायला उभे केले. सात वर्षांपूर्वी ज्यांना साध्या माणसांपासून दूर ठेवले होते, त्यांच्यासमोर आता खरीखुरी माणसे बसली होती.

पाचवा दिवस : बर्लिन

सकाळी श्प्रे नदीकाठचा बेलव्ह्यू राजवाडा फाटकाबाहेरून पाहिला. छपरावर राष्ट्राध्यक्षांचा ध्वज फडकत होता. जर्मन राष्ट्राध्यक्षाचे पद आपल्या राष्ट्रपतींसारखे, अधिकारापेक्षा शब्दांवर चालणारे आहे. गाउक २०१० साली सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांच्या पाठिंब्याने उभे राहिले आणि तिसऱ्या फेरीत क्रिस्टियान वुल्फ यांच्याकडून हरले. वुल्फ यांना फेब्रुवारी २०१२ मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि १८ मार्चला गाउक १२२८ पैकी ९९१ मते मिळवून निवडून आले. कोणत्याही पक्षाचे सदस्य नसलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष होते. भाषणाची सुरुवात त्यांनी, किती सुंदर रविवार आहे हा, अशा शब्दांनी केली. बावीस वर्षांपूर्वीचा १८ मार्चही रविवारच होता. १९९० च्या त्या दिवशी पूर्व जर्मनीत पहिली मुक्त निवडणूक झाली आणि वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी आयुष्यातले पहिले खरे मत दिले. त्याच दिवशी ते ‘ब्युंडनिस ९०’तर्फे संसदेत निवडूनही आले, जरी क्रांती घडवणाऱ्या या आघाडीला ४०० पैकी अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या. लोक आंदोलकांच्या मागे चालले आणि मत भलत्यालाच देऊन आले, हे आपल्यालाही अपरिचित नाही. स्वप्न स्वर्गाचे पाहिले आणि जाग आली ती नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात, म्हणजे पश्चिम जर्मनीतल्या एका राज्यात, असे गाउक आपल्या लोकांविषयी १९९९ साली म्हणाले होते.

त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची कारकीर्द मला थोडी प्रवचनी वाटते. स्वातंत्र्य हा शब्द ते इतक्यांदा उच्चारीत की टीकाकारांनी त्याची थट्टा केली. पण आर्मेनियनांच्या वंशहत्येला २०१५ साली वंशहत्या म्हणणे, हे शब्दांवर चालणाऱ्या पदाचे काम त्यांनी केले. २०१७ साली, वयाचे कारण देऊन दुसरी मुदत नाकारून, ते पायउतार झाले.

त्यांचे खरे काम मात्र राजवाड्यात झाले नाही. त्यासाठी भुयारी रेल्वेने लिख्टनबेर्ग भागात नॉर्मानेनश्ट्रासेला जावे लागते. श्टाझीचे मुख्यालय इथे होते. १५ जानेवारी १९९० रोजी लोक इथल्या फाटकातून आत घुसले. पहिल्या क्रमांकाच्या इमारतीत मंत्री एरिश मील्के यांचे दालन जसेच्या तसे राखले आहे : पिवळट लाकूड, टेलिफोनांची रांग आणि त्यांच्या न्याहारीची मांडणी दाखवणारे सेक्रेटरीचे कार्ड, ज्यात अंडी साडेचार मिनिटे उकडावीत असे लिहिले आहे. देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख, श्टाझीचे पगारी कर्मचारी ९१ हजार, आणि शेजारपाजारचे खबरे त्याहून कितीतरी अधिक.

अभिलेखागाराच्या प्रदर्शनात कार्डांची पद्धत समजावून सांगितली आहे आणि मी तिथेच सर्वांत जास्त वेळ थांबले. एका प्रकारच्या कार्डावर माणसाचे खरे नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक. दुसऱ्या प्रकारच्या कार्डावर तोच क्रमांक आणि सांकेतिक नाव, पण खरे नाव नाही. दोन्ही कार्डे जुळवली तरच ‘लार्वे’ कोण ते कळणार, आणि जुळवण्याची मुभा मोजक्यांनाच. कार्डे वरखाली फिरणाऱ्या विजेच्या कपाटांत ठेवीत. अशा कपाटाला जर्मनमध्ये ‘पाटर्नोस्टर’ म्हणतात, म्हणजे ‘हे आमच्या पित्या’, ख्रिस्ती प्रार्थनेचे पहिले शब्द. एका पाळकाच्या हाती हे कपाट यावे, हा योग कोणी जुळवून आणलेला नव्हता.

१९९० साली या कागदांचे काय करायचे यावर मोठा वाद होता. ते जाळावेत, कुलूप लावून ठेवावेत, नाहीतर शेजारी शेजाऱ्याचा गळा धरील, असे म्हणणारे पूर्वेत आणि पश्चिमेतही पुष्कळ होते. गाउक संसदेच्या संबंधित समितीचे प्रमुख होते. ३ ऑक्टोबरला, जर्मनी एक झाली त्या दिवशी, ते या कागदपत्रांचे विशेष प्रतिनिधी झाले. त्यासाठी त्यांनी नव्या संसदेतले सदस्यत्व एका दिवसात सोडले. डिसेंबर १९९१ च्या अखेरीस कायदा लागू झाला आणि २ जानेवारी १९९२ पासून, आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे ते कोणालाही अर्ज करून वाचता येऊ लागले. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली केला, तेव्हा आपल्याकडेही फाईल उघडली तर कारभार कसा चालणार, हाच सूर निघाला होता. इथे फायलींची लांबी शंभर किलोमीटरहून अधिक होती. शिवाय १५ हजारांच्या वर पोती फाडलेल्या कागदांची, कारण अखेरच्या आठवड्यांत यंत्रे दमली आणि अधिकाऱ्यांनी हातांनी फाडायला घेतले. त्यातल्या काही पोत्यांतले तुकडे पुढे माणसांनी बसून जुळवले. दहा वर्षे गाउक यांनी हे कार्यालय चालवले आणि लोक त्याला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. त्यांनी काही माजी श्टाझी कर्मचाऱ्यांना तिथे कामावर ठेवले, हा आक्षेप मला गंभीर वाटतो; कार्डे जुळवण्याची विद्या त्यांनाच अवगत होती, हे त्याचे उत्तर पुरेसे नाही.

वुस्ट्रोमधल्या त्या सव्वादोन वर्षांत घरच्यांनी केलेल्या अर्जांना उत्तर आले नव्हते. तीस लाखांहून अधिक लोकांनी आजवर इथे अर्ज केले आहेत आणि त्यांना उत्तर देणे २०२१ पर्यंत त्या कार्यालयाला आणि आता राष्ट्रीय अभिलेखागाराला बंधनकारक आहे.

निघताना माहितीच्या खिडकीपाशी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. वडील वारले आहेत, त्यांच्या नावाने मला अर्ज करता येईल का, असे त्या हलक्या आवाजात विचारीत होत्या. खिडकीतल्या माणसाने दोन पानी अर्ज पुढे सरकवला आणि ओळखीचा पुरावा कुठे जोडायचा ते पेन्सिलीने खूण करून दाखवले. बाईंनी पर्समधून चष्मा काढला, पहिल्या ओळीत वडिलांचे नाव लिहिले, मग थांबून खिडकीतल्या माणसाला विचारले की त्यांची जन्मतारीख नक्की आठवत नाही, घरी जाऊन पाहिली तर चालेल का. तो म्हणाला, चालेल.